पारायणात सुटलेला अध्याय

देवीने माझं ऐकलं नाही, असं मला यंदाच्या उन्हाळ्यात वाटलं. याआधी कधी वाटलं नव्हतं असं नाही, पण तसं मनात येऊ लागलं की मी लगेच दुसऱ्या कामाला लागत असे. यंदा कामाला लागूनही ते गेलं नाही. माझी मुलगी निकिता बारावीला फिजिक्समध्ये नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत पास, केमिस्ट्रीत तर चांगले मार्क. तिला नर्सिंगला जायचं होतं. दहावीपासून ती दुसरं काही बोललीच नव्हती.

मी चौथी शिकलेली. माहेर रावेरकडचं, लग्न होऊन बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात आले. इथे बाजारात सगळं हिंदीत चालतं. मला हिंदी समजतं, पण तोंडातून लवकर निघत नाही, आणि लोकांसमोर तर मराठीही निघत नाही. निकिताचे पप्पा केळीचा ट्रक चालवतात. शाहपुरहून भरतात आणि दिल्लीकडे नेतात, मग आठ-दहा दिवस घरी नसतात. घरात मी, निकिता आणि देवघर. माणसांशी जे बोलता आलं नाही ते मी इतकी वर्षं देवीशीच बोलत आले.

म्हणून निकिताची परीक्षा सुरू झाली त्या दिवशी मी कुलदेवीच्या पोथीचं पारायण धरलं. पोथी सासूबाईंची, जुनी, पिवळ्या पानांची. ती सकाळी पेपरला निघाली की मी पाटावर बसायची आणि ओळीवर बोट ठेवून वाचायची. एक अध्याय वाचायला मला तास लागतो. मला वाटायचं, ती तिकडे लिहिते आहे आणि मी इकडे वाचते आहे, म्हणजे आम्ही दोघी एकाच कामाला लागलो आहोत. शेवटच्या पेपरच्या दिवशी पोथी संपली, तेव्हा मी नारळ फोडला आणि साखरेचा शिरा केला. मला अगदी खात्री होती.

निकाल मोबाईलवर आला. निकिताने पाहिलं, मोबाईल उलटा ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "एका विषयात गेली मम्मी. आता काही विचारू नको." मी काही विचारलं नाही. मला विचारता येत नाही हे तिला माहीत आहे. पुढचे तीन दिवस आम्ही दोघी एका घरात होतो आणि घरात कोणीच नसल्यासारखं होतं. मी ताट ठेवायची, अर्ध्या तासाने ते तसंच उचलायची.

मोठ्या जाऊबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. "फेल झाली ना गं? जाऊ दे, सुया टोचायचं खूळ तरी गेलं डोक्यातून," असं दारातूनच म्हणाल्या. मग आत येऊन हळू आवाजात सांगितलं, "शाहपुरला एक मुलगा आहे माझ्या भावाच्या ओळखीत. घरची केळी आहे, एकुलता एक. भाऊजी आले की मी बोलते." मी मान हलवली. ती हो म्हणून नव्हती आणि नाही म्हणूनही नव्हती. माझी मान अशीच हलते, आणि समोरचा आपल्याला हवा तो अर्थ घेतो. संध्याकाळी निकिताच्या पप्पांचा फोन आला. मागे ट्रकचा आवाज. जाऊबाईंनी तोवर त्यांना फोनवर सांगूनही टाकलं होतं. ते म्हणाले, "आल्यावर बघू. भाभी म्हणते ते काही वाईट नाही."

चौथ्या दिवशी मी पुन्हा पोथी काढली. मला देवीला एकच विचारायचं होतं की माझं काय चुकलं. वाचायला मन लागेना म्हणून मी नुसती पानं उलटत होते, आणि आठवा अध्याय संपून एकदम दहावा सुरू झालेला दिसला. मी पुन्हा मागे गेले. मधली पानं एकमेकांना चिकटून एक जाड पान झाल्यासारखी झाली होती. पहिल्या दिवशी नैवेद्याचं साखरेचं पाणी सांडलं होतं, ते मी पदराने पुसलं होतं. पुसलं तेवढं वरचंच. नववा अध्याय आत बंद झाला होता आणि मी ओळीवर बोट ठेवून आठव्यातून थेट दहाव्यात गेले होते. मला कळलंही नव्हतं.

माझं पारायण खंडित झालं होतं. कोणत्या दिवशी ते मला आठवेना, पण मनाने ठरवून टाकलं की फिजिक्सच्या पेपरच्याच दिवशी. एक अध्याय माझा सुटला, एक विषय तिचा गेला. माझ्या लेकीचं वर्ष माझ्या हातून गेलं, आणि ती बिचारी भिंतीकडे तोंड करून स्वतःला दोष देत पडली आहे. हे कोणाला सांगू? तिला सांगायचं धाडस नव्हतं. तिच्या पप्पांना फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. देवीला सांगायला जावं तर तिच्याच समोर मी चोर ठरले होते. माझ्या आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नाही, माझी आई गेली तेव्हाही नाही.

आमच्यात खराब झालेली पोथी तापीमाईला देतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पोथी लाल फडक्यात गुंडाळून मी राजघाटाकडे निघाले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. नेहमीचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेला, मधे मातीचे ढीग. मी बाजूच्या गल्लीत शिरले. इतक्या वर्षांत त्या गल्लीत मी कधी गेले नव्हते. तिथे एका लहान दुकानात एक म्हातारे चाचा पुस्तकांना बाइंडिंग करत बसले होते. पुढे शाळेची पुस्तकं, दुकानदारांची रजिस्टरं आणि खळीचं भांडं. मी सावलीला दोन मिनिटं थांबले, एवढंच. त्यांनी माझ्या हातातलं फडकं पाहिलं.

"क्या फटा है बहन? लाओ, बना देंगे."

मी म्हणाले, "नाही, नदीत सोडायची आहे."

"अरे, पहले देखने तो दो."

नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून मी पोथी पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. उठून माठाच्या पाण्याने हात धुतले, पुसले, एक धुतलेलं फडकं पसरलं आणि मग त्याच्यावर पोथी ठेवून घेतली. ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चिकटलेल्या पानांवर त्यांनी बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं आणि हसले. "शक्कर है. पानी में डालने चली थीं इसको? दो पन्ने चिपके हैं, बाकी किताब एकदम सही है. दो पन्नों के लिए पूरी किताब कौन डुबोता है?"

त्यांनी चहाच्या किटलीखाली स्टोव्ह पेटवला आणि वाफेवर पानं धरली. थोडी वाफ, मग पातळ पातं आत सरकवायचं, मग पुन्हा वाफ. घाई अजिबात नाही. मी पायरीवर बसून पाहत होते आणि काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. अनोळखी माणसासमोर, अर्धं मराठी अर्धं हिंदी, सगळं सांगितलं. पारायण, निकाल, फिजिक्स, शाहपुरचा मुलगा. ते मान वर न करता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एक ही सब्जेक्ट है? तो पूरक का फॉर्म भरा कि नहीं?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

"मेरी पोती की भी आई थी पिछले साल, केमिस्ट्री में. एक ही पर्चा देना पड़ता है बहन. बाकी के नंबर कहीं नहीं जाते. अब कॉलेज जाती है, मुझ पे रोब जमाती है." मग त्यांनी नातीला फोन लावला आणि मोठ्याने विचारलं. तिकडून तिचाही आवाज तितकाच मोठा. मला एवढं कळलं की मार्क कमी वाटत असतील तर पुन्हा बेरीज करून घेता येते, पूरकही नाही जमली तर ओपन स्कूलमधून तो विषय काढता येतो, पण आधी पूरक, म्हणजे त्या एका विषयाची फेरपरीक्षा, आणि तिच्या फॉर्मला दोनच दिवस राहिले आहेत. चाचांनी फोन ठेवला आणि पोथी माझ्या हातात दिली. नववा अध्याय मोकळा झाला होता. कडेची चार-दोन अक्षरं गेली होती, पण वाचता येत होता.

मी घाटावर गेलेच नाही. रस्ता खोदलेला नसता तर पोथी नदीत गेली असती आणि ते दोन दिवसही गेले असते. यात देवीचा हात होता का, हे मी कोणाशी वाद घालून सांगणार नाही. जसं झालं तसं लिहिते आहे.

घरी येऊन मी निकिताजवळ बसले आणि फॉर्मचं विचारलं. ती भिंतीकडेच पाहत म्हणाली, "माहीत आहे मला. पण पुन्हा गेली तर? क्लासच्या पोरी आताच हसतात. शिवणकाम शिकते मी, सोडून दे." म्हणजे तिला ठाऊक होतं, आणि ती तारीख मुद्दामच जाऊ देत होती. मला समजावून सांगता येत नाही. माझ्याजवळ शब्द नसतात. म्हणून मी जे लपवलं होतं तेच सांगून टाकलं. पोथी उघडून तिला चिकटलेल्या पानांच्या खुणा दाखवल्या. म्हणाले, "बेटा, तुझं काही चुकलं नाही. माझा एक अध्याय सुटला होता."

ती उठून बसली. पोथीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मम्मी, याच्यासाठी तू कालपासून तोंड पाडून बसली? म्हणजे तुझीबी पूरक आली!" आणि ती हसली. हसता हसता रडली आणि मला धरून ठेवलं. "पागल आहे का तू? फिजिक्स मी केलंच नव्हतं नीट. मला भीती वाटायची त्याची, तर मी पुस्तकच उघडत नव्हते." हे तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑनलाइनवाल्याच्या दुकानात जाऊन फॉर्म भरला. येताना जाऊबाई दारातच होत्या. "कुठे निघाली होती जोडी?" मी थांबले. म्हणाले, "भाभी, शाहपुरचं राहू द्या. तिला पेपर द्यायचा आहे." एवढंच. त्या म्हणाल्या, "अगं बाई, तुला तोंड आहे का?" असू दे. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कमी बोलतात. रात्री निकिताने स्वतः पप्पांना फोन केला. ते म्हणाले, "दे पेपर. मी येईपर्यंत कोणाचं ऐकू नको."

पुढचे दिवस ती फिजिक्स करायची. मी तिच्याजवळ बसून नववा अध्याय वाचला. मला वाटलं होतं त्यात काहीतरी मोठं असेल. एका गवळणीची गाय हरवते आणि संध्याकाळी आपली आपणच गोठ्यात येते, एवढीच गोष्ट आहे.

आज तिचा पेपर होता. मी गेटपर्यंत गेले. ती आत गेली, गेट बंद झालं, आणि मी बाहेर लिंबाखाली उभी राहिले. आजूबाजूला इतर मुलांचे आई-बाप आपापसांत बोलत होते. मी सवयीने हात जोडले आणि डोळे मिटले, तर मागायला काही येईना. आजवर मी देवीपुढे बसले ते काहीतरी देऊन काहीतरी घ्यायला. इतके अध्याय वाचते, तेवढे मार्क दे. आज माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं आणि मागायलाही नव्हतं. देवीने त्या दुपारी मला नदीपर्यंत जाऊ दिलं नाही, एवढंच आठवलं, आणि मी नुसती तिच्यासमोर उभी राहिले.

निकाल कधी येईल ते माहीत नाही, काय येईल तेही माहीत नाही. पेपर सुटल्यावर निकिता एका मुलीशी बोलत बोलत पुढे चालली होती, उत्तरं जुळवत, हातवारे करत. मी चार पावलं मागे. माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं, आणि घरापर्यंत मला कोणी हवंसंही वाटलं नाही.