लेक आउट झाली तेव्हा

माझ्या लेकीची उजवी मूठ जन्मापासून मिटलेली असते आणि उजवी टाच जमिनीला टेकत नाही. जन्माच्या वेळी मेंदूच्या एका बाजूला इजा झाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाकी सगळं ठणठणीत आहे. जीभ तर जरा जास्तच, त्याबाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

दर शनिवारी आम्ही मायलेकी गंगाखेडहून एसटीनं परभणीला फिजिओथेरपीला जायचो. आधीच्या ठिकाणी हात ताण, पाय ताण एवढंच चालायचं आणि आमची ही बाई रडून गाव गोळा करायची. नव्या मॅडमनी मात्र पहिल्याच दिवशी तिच्या डाव्या हातावर जाड मोजा चढवला. "ह्याला आज सुट्टी," म्हणाल्या आणि समोर प्लॅस्टिकचे पेले मांडले. उजव्या हातानं पेल्यांचा मनोरा रचायचा. मॅडमचा आधी झाला, की आपण आउट. पेला धरायचा तर मूठ उघडावीच लागते, हे माझ्या लक्षात यायच्या आत लेक खेळायला बसलीसुद्धा.

आणि मॅडम सरळ जिंकल्या. "तू आउट," म्हणाल्या.

लेकीनं वळून माझ्याकडे पाहिलं. हरणं तिला ठाऊकच नव्हतं. आमच्या घरी ती कधी हरायची नाही. कॅरम खेळताना तिचे बाबा नेम धरून सोंगटी चुकवायचे. आत्या सापशिडीत घरं चुकीची मोजून सापाच्या तोंडात जायची. मी पत्ते असे धरायची, की तिला सगळे दिसावेत. गल्लीत ती लिंबूटिंबू होती. म्हणजे खेळात आहे, पण तिच्यावर राज्य येत नाही आणि चेंडू लागला तरी ती आउट नाही. पोरं हे मायेनं करायची. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, संक्रांतीला त्यांच्या हातावर तिळाचा एक लाडू जास्त ठेवायची मी.

त्यामुळे मी मॅडमवर उखडलेच. "लेकरू हाय वो ते! आउट काय करायलात तिला?"

"ताई, खेळायलीय ना ती? मग आउट बी होईल," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "न्हाई तर मूठ उघडायची तिला गरजच काय?"

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला आणखी राग आला. परतीच्या एसटीत हे ठिकाण सोडायचं मी पक्कं करून टाकलं. लेक खिडकीबाहेर बघत होती. तिकडंच बघत म्हणाली, "मॅडम खरं खेळतेत. तुमी समदे खोटं खेळता."

म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं कळत होतं. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. शनिवार सुरूच राहिले.

पेले झाले, कपड्यांचे चिमटे झाले, दोन्ही हातांनी फुगा झेलणं झालं. मूठ पूर्ण सुटली असं नाही. पण कामाला लावली, तर हळूहळू उघडायला लागली.

मग एका संध्याकाळी गल्लीत लगोरीचा डाव मांडला होता आणि लेक पोरांना म्हणाली, "मला लिंबूटिंबू घेऊ नका. मला खरं खेळायचंय." पोरांनी फाटकात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी मान डोलावली.

लगोरी फुटली. लेक लंगडत धावली, खाली बसली. रचलेले दगड हलू नयेत म्हणून उजव्या हातानं धरले आणि डाव्यानं वरचा दगड ठेवला. ती दुसरा उचलणार तेवढ्यात चेंडू सणसणत येऊन तिच्या पाठीत बसला. माझा एक पाय फाटकाबाहेर पडला होता.

"आउट!" चेंडू मारणारी पोरगी दबक्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात लेकीच्याच गटातला शेजारचा पोरगा तिच्यावर ओरडला, "तुझ्यामुळं डाव गेला! चेंडू दिसत न्हाई का तुला?"

"मी बघितला होता! तूच मधी आलास!" लेक कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तो एक बोलला, तर ती चार बोलली. दोघांचं चांगलंच जुंपलं.

माझ्या लेकीशी आजवर कुणी भांडलंच नव्हतं. मी पाय मागे घेतला, फाटक हळूच लावलं आणि आत निघून गेले.