आमचे हंगामी पंतप्रधान

“सभा घेऊ!” उजवा तळहात वर करून ते म्हणायचे. कँटीनमधला मायक्रोवेव्ह बिघडला, सभा. पार्किंगवरून दोघांची जुंपली, सभा. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या आमच्या कॅथेटरच्या, म्हणजे शरीरात घालायच्या बारीक नळ्यांच्या कारखान्यात मॅनेजरनेही इतक्या सभा घेतल्या नसतील. तुमच्या ऑफिसातही असा एखादा गृहस्थ असेलच. फक्त तो पुढे एखाद्या देशाचा पंतप्रधान होत नाही, एवढंच.

त्यांच्या देशाचं नाव लिहीत नाही. तरुणपणी ते पुण्यात शिकले आणि मराठी तिथेच उचलली. मायदेशी परतून त्यांनी विद्यार्थ्यांची चळवळ उभी केली, तुरुंगात गेले, आणि सुटल्यावर बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन आयर्लंडला आले. माझ्या शेजारच्या टेबलावर ते नळ्या तपासायचे. नळीवर जरासा ओरखडा दिसला तरी बाजूला ठेवायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, “ही तुझ्या बापाच्या हृदयात जाणार असली, तर चालेल?” समोरचा नळी उचलून बाजूला ठेवायचा.

एका वर्षी इथल्या आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीत तंटा पेटला. कार्यक्रम शनिवारी की रविवारी? पाहुणे म्हणून आलेले हे उभे राहिले. “सभा घेऊ. जो गप्प आहे, तो आधी बोलेल.”

गप्प होती ती साताऱ्याहून आलेली माझी आई.

“आजी, बोला.”

“मोदक आमी वळायचं आन वार तुमी ठरवायचा व्हय?” आई कडाडली. “शुक्करवारी रातभर वळत बसू का? ऐतवारी करा!”

समिती गार पडली. कार्यक्रम रविवारी झाला. तेव्हापासून आई त्यांना ‘आपला पुढारी’ म्हणायची.

मग तिकडे सरकार कोसळलं. रस्त्यावर उतरलेल्या पोरांना डाग नसलेलं नाव हवं होतं. कुणाला तरी हे आठवले. पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं.

“पंतप्रधानपदासाठी बोलावलंय. हंगामीच आहे. निवडणूक घेतो आणि परत येतो. चालेल?”

“चालेल की,” मी म्हणालो. त्यांच्या मुलीची लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी, तोंडावर होती. ती आणि वहिनी इथेच राहिल्या.

शपथविधी आम्ही कँटीनमध्ये फोनवर पाहिला. “युवर मॅन सुटात ग्रँड दिसतोय!” सुपरवायझर म्हणाली. तिने केक आणला होता. आईला साताऱ्याला फोन केला तर ती रडलीच.

निवडणूक एकदा पुढे गेली. मग पुन्हा. मग पोरं निवडणूक मागायला चौकात बसली आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी सभांवर बंदी आली. हुकमाखाली सही यांची.

ती बातमी मी डबा खाताना वाचली. भाजी संपवली, डबा धुतला, नळ्या तपासायला गेलो. राग यायला हवा होता, आला नाही. दात काढण्याआधी सुई दिल्यावर गाल होतो, तसं आत सगळं बधिर झालं होतं. आईला काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज तोच, फक्त सावकाश.

“मुलगी तिथे आयर स्क्वेअरच्या चौकात माझ्याविरुद्ध फलक घेऊन उभी राहते म्हणे. तिला घरी नेशील?”

“तुम्ही कधी येताय?”

“परिस्थिती वेगळी आहे.”

“आणि निवडणूक?”

पलीकडे कुणीतरी ‘सर’ म्हणालं. फोन बंद झाला.

शनिवारी मी गेलो. वारा उभं राहू देत नव्हता. त्यांच्या देशाची चार-दोन माणसं, मुलगी, आणि तिच्यावर छत्री धरू पाहणारी वहिनी. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा छत्री सरळ करत बसली.

“काका, डॅडने पाठवलं?” मुलीने इंग्रजीत विचारलं.

“हो.”

“मला घरी न्यायला?”

मी होकारार्थी मान डोलावली. ती चिडली नाही. हातातल्या कापडी फलकाचं एक टोक तिने माझ्याकडे दिलं आणि दुसरं धरून मागे सरकत गेली. कापड ताणलं तेव्हा फोटो दिसला: तुरुंगाच्या दारातले ते, तरुण, दाढी वाढलेली, हसणारे. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘या माणसाला परत द्या.’

मी टोक धरून उभा राहिलो.