किडकी वांगी

"अम्मा, बिना दवाई की सब्ज़ी लाया करो," असं झाशीच्या नगरा वस्तीतल्या आमच्या भाजीवालीला मीच बजावलं होतं. पुढच्या खेपेला तिने आणलेलं वांगं चिरलं, तर आत अळी वळवळली. मी तणतणत दारात आले आणि तिच्यादेखतच शेजारच्या वहिनींना मराठीत म्हणाले, "बघा, किडकी वांगी गळ्यात मारते! लबाड मेली. ऑर्गॅनिक हवं तर दुकानातलं पाकीटच आणावं."

झाशीतल्या आम्हा मराठी घरांची ही वाईट खोड आहे. समोरच्याला आपली भाषा कळत नाही असं धरून आम्ही वाट्टेल ते बोलतो. अम्मा तीस वर्षं रेल्वेतल्या मराठी घरांच्या पायऱ्यांवर बसून भाजी विकत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती टोपली उचलून गेली.

आठवड्याने ती तुळतुळीत वांगी घेऊन आली.

"आपके लिए चार पौधे अलग रखे थे, बाई. अब उनमें भी दवाई डाल दी."

मी पिशवी पुढे केली. तिने एकेक वांगं निवडून आत ठेवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "घ्या. आता किडकी नाहीत."

मी पिशवी घेऊन आत आले. ओट्यावर दुकानातून आणलेलं ऑर्गॅनिक वांग्यांचं पाकीट होतं.