पुठ्ठ्याचं चिलखत
घराला रंग लागतोय आणि पांढऱ्या ऑइलपेंटच्या वासाने कॉलेजचं स्नेहसंमेलन आठवलं. तिथल्या वेशभूषा स्पर्धेसाठी इंग्रजी सिनेमातल्या अंतराळ सैनिकाचं चिलखत मी पुठ्ठ्याचं आणि कागदाच्या लगद्याचं बनवून असल्याच पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवत होते. हुबेहूब व्हावं म्हणून तो सिनेमा तीनदा पाहिला होता. अंगणातला पसारा बघून वडील रोज चिडायचे. संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी ते जरा उशिरा आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "अगं, त्याच्या डाव्या गुडघ्यावरची पट्टी चौकोनी आहे. तू गोल केलीस." कधी सिनेमाला न जाणारे वडील ऑफिसातून थेट नाशिकरोडच्या थिएटरात जाऊन आले होते! मग आम्ही दोघांनी बसून नवी पट्टी कापली. बक्षीस दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं. कुणाला, ते आता आठवतही नाही.