आबांना सांगितलेलं पठार

आमच्या घरात पठार बघून यायचं काम माझ्याकडे आलं, ते सासऱ्यांची नजर गेली म्हणून. आबांना काचबिंदू झाला होता आणि तो कळेपर्यंत उशीर झाला होता. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. तरी रविवारी सकाळी चहा झाला की ते काठी घेऊन ओट्यावर येऊन बसत, आणि मी फडक्यात भाकरी बांधली की आम्ही दोघं निघत असू. दिसत नाही तर वर जाता कशाला, असं माझा नवरा त्यांना विचारायचा. आबा त्याला कधीच उत्तर देत नसत. कधीकधी माणसानं उत्तर न देणं किती बरं दिसतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

मी तळेगावची. सोसायटीत वाढलेली. लोणावळ्याला जाताना उजव्या हाताला जी सपाट माथ्याची डोंगररांग दिसते तिच्यावर माणसं जातात, गुरं नेतात, तिथं पाणी आहे, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. लग्न होऊन कार्ल्याच्या पलीकडच्या या गावात आले आणि कळलं की त्या रांगेचा एक तुकडा आमच्याच घराच्या डोक्यावर आहे. खिंडीपर्यंत चढ अर्ध्या तासाचा, पण अंगावर येणारा. मग एकदम सपाटी. काळा खडक, त्यात साठलेली वीतभर माती, त्या मातीत गुडघाभर गवत, मधेमधे करवंदीच्या जाळ्या. झाड म्हणाल तर एक अंजनी, वाऱ्यानं वाकवलेली. तिच्याखाली आबांचा ठरलेला दगड होता. त्यावर बसून काठी मांडीवर आडवी घेतली की ते विचारायचे, "काय दिसतंय?"

मग मी सांगायचे. मला नावं येत नव्हती, त्यामुळे सुरुवातीला आमची मोठी गंमत व्हायची. मी रंग, आकार, चालण्याची ढब सांगायची आणि आबांनी नाव सांगायचं. डोक्यावर शेंडी, गात गात सरळ वर जातो आणि मग गप्प होऊन खाली येतो, असं म्हटलं की ते म्हणायचे, चंडोल. पायापासून फर्रकन उडाली आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला, म्हटलं की लावी. एकदा मी एका लांबच्या काळ्या पक्ष्याचं पाच मिनिटं वर्णन केलं, चोच कशी, मान कशी वळवतो, किती रुबाबात बसलाय. आबा सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, कावळा असंल. घरी आल्यावर त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं आणि तेव्हापासून मला जेवताना कावळ्यावरून चिडवत होते.

कंपनीत माझं काम तपासणीचं आहे. तयार झालेला भाग मोजायचा आणि येईल ते माप लिहायचं. कमी आलं तर कमी, जास्त आलं तर जास्त. त्यात मी कोणाला बोट ठेवायला जागा दिलेली नाही. पठारावर मात्र मी हातचं राखून सांगत होते. पावसाळ्यात शनिवारी, आणि रविवारी आम्ही खाली उतरल्यावर, लोणावळ्याकडून जीपगाड्या वर यायला लागल्या होत्या, त्यांच्या चाकांनी सपाटीवर दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. करवंदीत बाटल्या अडकलेल्या असायच्या. आणि झऱ्याकडे जाणारी जुनी वाट, जिच्यावरून आबा लहानपणी गुरं पाण्याला न्यायचे, ती कोणीतरी जागा घेऊन काटेरी तारेनं बंद केली होती. यातलं मी आबांना काही सांगितलं नाही. वाटेवर दरड आलीय असं सांगून त्यांना वरच्या अंगानं फिरवून न्यायला लागले. त्यांना वाईट वाटू नये, एवढाच माझा हेतू होता. दिसत नाहीच, तर निदान आठवणीतलं तरी चांगलं राहू दे, असं मला वाटायचं, आणि असं वाटल्याबद्दल मी स्वतःवर खूशही होते.

टिटवीचं प्रकरण झालं ते एप्रिलच्या शेवटी. आमच्याकडे जुनी माणसं टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज घेतात. तिनं उंचावर अंडी घातली तर पाऊस दांडगा, सखल जागी घातली तर बेताचा. आबा दर वर्षी ते बघून राब कुठं भाजायचा ते ठरवत. शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची आणि त्या तुकड्यावर भाताचं बी टाकायचं, मग तिथली रोपं उपटून लावणी करायची. आमच्या राबाला दोन जागा आहेत. एक ओढ्याकाठी, तिथं ओल टिकते पण मोठ्या पावसात बी वाहून जातं. दुसरी वरच्या वावरात, तिथं बी वाहत नाही, पण पाऊस लांबला तर रोपं करपतात.

त्या रविवारी आबांना दगडावर बसवून मी शोधायला निघाले. टिटवीनंच मला जागा दाखवली म्हणायचं, कारण ती माझ्या डोक्यावर येऊन ओरडायला लागली. घरटं असं काही नसतंच. जमिनीत जरासा खळगा, भोवती खडे, आणि त्यात मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. पण खळगा होता तो जीपच्या दोन चाकोऱ्यांच्या मधोमध, एका चाकोरीला अगदी लागून. चाक वीतभर सरकलं असतं तर संपलं असतं.

मला ते बघून राहवलं नाही. मी चार-पाच पावलांवर तसाच खळगा केला, तेच खडे मांडले, अंडी उचलून तशीच ठेवली आणि लांब जाऊन बसले. टिटवी जुन्या जागी गेली, घुटमळली, नवीन जागी आली आणि बसली. माझा जीव भांड्यात पडला. मग आणखी चार-पाच पावलं. असं करत करत सकाळभरात मी ती अंडी चाकोरीपासून एका खडकाच्या उंचवट्यावर नेऊन पोचवली. अशा हलवाहलवीत पाखरू अंडी टाकूनही देतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर माझी हिंमत झाली नसती.

परत आले तेव्हा आबा म्हणाले, लय येळ वरडली. कुत्रं फिरत होतं, मी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुटं बसलीया?"

"उंचावर," मी म्हणाले. "खडकावर."

त्या क्षणाला ते खरंच होतं. टिटवी खडकावरच बसली होती.

संध्याकाळी घरात राबावरून बोलणं निघालं. नवऱ्यानं मोबाईल दाखवून सांगितलं की पाऊस यंदा उशिरा आहे, राब ओढ्याकाठीच करू. आबा म्हणाले, टिटवी वर बसली आहे, राब वरच्या वावरात. दोघांचं बराच वेळ चाललं. अलीकडे घरात आबांचा शब्द ऐकून घेतला जायचा आणि मग बाजूला ठेवला जायचा. त्या दिवशी मात्र त्यांच्या आवाजात असा काही जोर होता की नवऱ्यानं हात टेकले. मला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण कितीतरी दिवसांनी ते ताठ बसले होते, आणि मी मूग गिळून भाकऱ्या थापत राहिले. पक्ष्याच्या अंड्यांवरून पाऊस थोडाच ठरतो, असंही मी मनाशी म्हणाले. नसेल ठरत, पण आमचा राब त्यावरून ठरत होता.

जूनच्या सुरुवातीला दोन सरी आल्या, बी उगवलं, आणि मग पाऊस गेला तो गेलाच. वरच्या वावरातली रोपं पिवळी पडायला लागली. मी कामावर जायच्या आधी आणि नवरा आल्यावर, आम्ही हंड्यांनी पाणी घालत होतो. ओढ्याकाठी शेजाऱ्यांची रोपं हिरवीगार होती, ती बघवत नव्हती. आबा रोज राबाच्या कडेला उकिडवे बसून रोपांवरून हात फिरवायचे. त्यांना सांगावं लागलं नाही. शेवटी पाऊस आला, पण तोवर अर्धी रोपं गेली होती.

रोपं कमी पडली तर ज्याच्याकडे उरतील त्याच्याकडे मागायची, अशी इकडची रीत आहे. कोणी नाही म्हणत नाही. पण इतकी वर्षं लोक आमच्या राबावरून रोपं नेत आले होते. आबांना मागायला जायची वेळ कधी आली नव्हती. मी जाते म्हणाले, नवरा जातो म्हणाला. आबा म्हणाले, राब मी सांगितला, मागायला मी जाईन. मी त्यांचा हात धरून पावसात शेजाऱ्यांच्या बांधावर नेलं. टोपी काढून हातात धरून ते तिथं उभे राहिले. शेजाऱ्यांनी आनंदानं न्या म्हणून सांगितलं, वर आबा तुमी कशाला आलात असंही म्हणाले. आबा नुसती मान हलवत होते.

परत येताना ओढा ओलांडला आणि मी थांबले.

"आबा, टिटवी उंचावर नव्हती. खाली गाडीवाटेत होती. अंडी मी उचलून वर ठेवली."

आबाही थांबले. टोपी अजून हातातच होती, पाणी कपाळावरून ओघळत होतं.

"पिल्लं निगाली का?"

"तीन निघाली. चौथं अंडं तसंच राहिलं."

त्यांनी मान हलवली, टोपी घातली आणि चालायला लागले. मला वाटलं, सुटले. दहा-बारा पावलं झाली असतील.

"गाडीवाट कवा झाली पठारावर?"

मी सांगितलं, दोन वर्षं झाली.

"दोन वर्सं तू मला पठार सांगतीयास," आबा म्हणाले, "आन त्यात एक बी वंगाळ गोष्ट न्हाई. मला वाटायचं, आपलं पठार लय नशिबाचं हाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांना मी लबाडी केली असं म्हणायचं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की आपण इतके दिवस कुठल्या पठारावर बसत होतो ते आपल्याला ठाऊक नाही. घरापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, कारण वाट निसरडी होती आणि सोडून चालणार नव्हतं. मला त्या हाताची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

लावणी झाली. मागून आणलेली रोपं आमच्या रोपांशेजारी लागली. रविवार येत होते, आणि आबा काठी घेऊन ओट्यावर येत नव्हते. पावसाचं कारण होतं, ते कोणीच नाकारलं नसतं. पण आधीच्या पावसाळ्यांत ते इरलं घेऊन निघायचे. जेवताना आता कावळ्यावरून कोणी चिडवत नव्हतं. मी एकदा एकटीच वर जाऊन आले. धुकं होतं, काही दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी सांगायचं कोणाला.

गौरी-गणपती होऊन गेले आणि एका रविवारी चहानंतर काठीचा आवाज आला. मी उठले. भाकरी बांधली.

वर सोनकी फुलली होती. सगळं पठार पिवळं, मधे काळे खडक ओले. एवढं पिवळं की माझ्या ओठांवर तो शब्द आलाच होता. आबा दगडावर बसले, काठी मांडीवर घेतली.

"आदी वंगाळ सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. चाकोऱ्या आणखी रुंद झाल्या आहेत, त्यात पाणी साचून चिखल झाला आहे. चाकांखालची सोनकी चिरडली आहे. करवंदीत चिप्सची पाकिटं आहेत, बाटल्या आहेत, मोजल्या तर अकरा भरल्या. आणि झऱ्याच्या वाटेवर दरड आलेली नाही. तिथं तार आहे.

"चल तितं."

तारेपाशी गेल्यावर मी त्यांचा हात धरून वरच्या पदरावर ठेवला. आबांनी बोटांनी काटा चाचपला, मग दोन काट्यांमधली जागा शोधली. काठी माझ्याकडे दिली. आणि तार धरून, काटा आला की हात उचलत, पुन्हा धरत, ते उताराच्या दिशेनं चालायला लागले. मी मागे होते. खांब आला की ते त्यावर तळवा ठेवत आणि पुढं सरकत. बराच वेळ आम्ही चाललो. एकदा काटा लागून बोटातून रक्त आलं, ते त्यांनी धोतराला पुसलं. कड्याजवळ तार संपली. शेवटच्या खांबाला वळसा घालून आम्ही पलीकडून वर चढलो आणि झऱ्यावर पोचलो.

आबांनी बसून ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड धुतलं. मग माझ्या बाजूला मान वळवून म्हणाले, "आता बाकीचं सांग."

मी कंपनीत भाग तपासताना करते तशी डाव्या बाजूनं सुरुवात केली, आणि काही न गाळता एकेक सांगत गेले.