पाण्याने भरलेले अंग

त्या वर्षी मी वेळणेश्वराच्या महादेवाला शिव्या देत होते. मनातल्या मनात, पण अगदी पोटातून.

आमचे घर वरच्या वाडीत, देऊळ खाली समुद्राकाठी. मधली जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढताना मला लोहाराच्या भात्यासारखी धाप लागे. धाकट्याच्या बाळंतपणापासून अंग सुटत गेले होते. वैद्यबुवा म्हणाले, "खाणे आवरा, चालणे वाढवा." झाले! घरात ज्याला त्याला माझ्या ताटात डोकावायचा हक्क मिळाला. भाताची दुसरी मूद घेतली की जाऊबाई म्हणत, "आता दार रुंद करावे लागणार हो!" आणि यजमान हसत. मी सोमवारच्या उपासाला एकादशी जोडली, शनिवार जोडला, रोज देवळापर्यंत चालले. तरी फुगतच गेले. मग सगळा संताप देवावर वळला. उपाशी पोटी तुझ्या दारी येते, आणि तूही त्यांच्यातलाच?

माघातल्या एका सोमवारी परतताना मधल्या वळणावर छाती आवळली. मी पायरीवर कोसळले आणि ओरडले, "मार तरी एकदाची!"

मागून मासळीची पाटी घेऊन एक खारवीण चढत होती. तिने पाटी उतरवली.

"वयनी, कुणाला मारायला सांगताव?"

तिने न विचारता माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"ही चरबी नाय, पाणी हाय. माझ्या सासूचे पाय असेच व्हते. आडव्या पडताव तेव्हा गुदमरतंय?"

"तीन वर्षे बसूनच झोपते."

"आणि घरात कुणी इचारलान नाय?"

कुणीही नाही. मला रडू आले, ते रागाचे. तिने हात धरून, दर चार पायऱ्यांवर बसवत मला घरी आणले आणि अंगणातूनच यजमानांना म्हणाली, "दादानू, हिला रत्नांग्रीच्या दवाखान्यात न्या. आणि हसू नका."

तिसऱ्या दिवशी आम्ही जयगडपर्यंत शिडाच्या पडावातून आणि पुढे बैलगाडीने रत्नागिरीला गेलो. डॉक्टरांनी हृदय दुबळे झाल्याचे सांगितले. मीठ बंद, चढउतार बंद, औषध सुरू. पंधरवड्यात अंगातले पाणी ओसरले. खरी चरबी उरली, ती आजही आहे. पण त्या पंधरवड्याअखेर मी पहिल्यांदा पाठ टेकून झोपले.

लोक म्हणतात, खारविणीच्या रूपाने देव आला. तिला हे सांगितले तर ती हसली. "देव कशाला मासळीची पाटी वाहील?" मी वाद घालत नाही. देवाला शरण जाणे म्हणजे मुकाट्याने सोसणे, असेच मला लहानपणापासून शिकवले होते. त्या पायरीवर मात्र मी काहीच झाकले नव्हते, आणि त्याने माझे ते बोलणेही ऐकून घेतले. घरच्यांवरचा राग अजून पुरता गेलेला नाही. तोही त्याच्यापुढेच ठेवते.

आता वर्षातून एकदा डोलीत बसून देवळात जाते. गाभाऱ्यासमोर मागणे काही सुचत नाही. हात जोडते, डोळे मिटते आणि छाती भरेपर्यंत श्वास घेते.