आधी जमीन बघणारे भाऊ

समोरच्या दारातले भाऊ आता लेकीकडे बदलापूरला राहतात, पण आमची बेल वाजली की मी अजून आधी खाली बघते, वाटेत काही पडलंय का. सवय त्यांचीच. घरात आले की माणसाच्या तोंडाकडे नंतर, जमिनीकडे आधी बघायचे. बुवापाड्याच्या चाळीपासूनचे आमचे शेजारी ते. तिथली शहाबादी फरशी कशी खरखरीत, पाय धरून ठेवायची. इथे अंबरनाथ पूर्वेला बिल्डिंगमध्ये आलो, तर टाइल्स म्हणजे नुसता आरसा. भाऊ चहाला आले की वाटेतली वायर भिंतीकडे सरकवायचे, सांडलेलं पाणी स्वतः पुसायचे आणि वर मला विचारायचे, "वहिनी, हाडं काय भाड्यानं आणलीत?"

मी हसायची, पण पलंगापुढची गोधडी काही उचलू द्यायची नाही. माझ्या आईच्या लुगड्यांची होती ती. सकाळी पहिलं पाऊल तिच्यावर पडलं की कसं बरं वाटायचं.

एकदा तिच्याच काठात पाय अडकला आणि मी कपाटावर आदळले. आवाज ऐकून भाऊ लगबगीनं आले. वाटलं, आता ओरडणार. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, गोधडी उचलली, झटकली, नीट घडी घातली.

"चाळीत तुमच्या आईच्या हातचं ताक प्यायलोय मी," ते म्हणाले. "त्यांना पायाखाली कशाला ठेवता, वहिनी?"

आणि ती घडी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.